वानगीचे शंभर दाणे

ऐका मंडळी, लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे. ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. कुठल्या राजाच्या राज्यातली तेही विचारू नका, कारण या गोष्टीत राजाचं काही काम नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक पेठ होती. धान्याची पेठ. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, आणि प्रत्येक दुकानापुढे एक पितळी परात. परातीत मूठ-दोन मुठी धान्य पसरलेलं असायचं. त्याला म्हणायचे वानगी. आत पोती शेकडो असोत, गिऱ्हाईक बघायचं ते बाहेरची वानगी. पोत्यातला माल कसा आहे, हे मूठभर दाण्यांनी सांगायचं. एवढाच त्या शब्दाचा अर्थ, आणि पेठेचा सगळा कारभार त्या अर्थावर चालायचा.

पण शब्द काय, दुकानात थोडाच बसून राहतो! त्या गावात बायका आमटी उकळायला लागली की पळीभर बाजूला काढून म्हणायच्या, “वानगी बघ गं जरा, मीठ पुरे का?” कीर्तनकार आला की लोक म्हणायचे, “बुवा, रात्रीचं रात्री बघू, आत्ता वानगीदाखल एक अभंग होऊ द्या.” पोरानं शेजाऱ्याची काकडी चोरली की त्याची आजी कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, “ही तर नुसती वानगी आहे, पुढे बघा काय काय करतो ते!” थोडक्यात पुष्कळ कळावं, म्हणून तो शब्द. सगळे तो याच अर्थानं वापरायचे आणि कुणाचा कधी घोटाळा झाला नाही.

आता पेठेची एक रीत सांगतो. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

हरभऱ्याचं बियाणं घ्यायला कुणी आलं की ते परातीतले शंभर दाणे मोजायचं. त्यांत किडके किती, ते बघायचं. शंभरात पाच किडके निघाले, तर दुकानदार दर शंभर पायल्यांवर पाच पायल्या फुकट द्यायचा. दहा निघाले तर दहा. त्याला म्हणायचे ‘वर’. म्हणजे किडकं बी उगवलं नाही तरी पेरणी कमी पडायची नाही. दुकानदारही खूश, शेतकरीही खूश. भांडण नाही, शपथ नाही, पोती ओतून बघणं नाही. सकाळी दुकानदारानं स्वतःच्या हातानं पोत्याच्या मधून मूठ काढायची आणि परातीत टाकायची. त्याच्यावर पहारा कुणी ठेवला नव्हता. ठेवावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्या पेठेत काशाप्पाशेट नावाचा एक दुकानदार होता. माणूस वाईट नव्हता हो. माप भरून द्यायचा, बोलायला गोड, दुकान झाडूनपुसून लख्ख. त्याची खोड म्हणाल तर एकच, त्याला अव्यवस्थित काही बघवायचं नाही. पोती रांगेत हवीत, ताजवा पुसलेला हवा, पायरीवर पान पडलं तरी तो उठून उचलायचा.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. काशाप्पा परातीपुढे बसला होता. परातीत एक भोक पडलेला दाणा दिसला. त्यानं तो सहज उचलला आणि रस्त्यावर टाकला. मग दुसरा दिसला. तोही टाकला. बसल्या बसल्या दहा-बारा दाणे गेले आणि परात कशी गोमटी दिसू लागली.

तेवढ्यात एक माणूस आला, परातीकडे बघून म्हणाला, “वा शेट! काय माल आहे! एक दाणा किडका नाही!”

झालं. काशाप्पाला ते इतकं गोड वाटलं, की काही विचारू नका. आपण किडके दाणे आत्ताच टाकलेत, हे सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं नाही. नुसता हसला. माणूस बी घेऊन गेला, वर द्यावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशाप्पानं मूठ काढली आणि दुकान उघडायच्या आधी निवडायला बसला. तिसऱ्या दिवशीही तेच. मग तो रोजचाच उद्योग झाला.

त्याची बायको पार्वताबाई. तिनं एक दिवस बघितलं. म्हणाली, “अहो, हे काय चाललंय?”

“दिसत नाही? निवडतोय.”

“निवडतात ते शिजवायला. वानगी कोण निवडतं?”

“अगं, परात स्वच्छ दिसली तर बिघडलं काय? दर तोच आहे. माप तेच आहे. कुणाचं काय गेलं?”

पार्वताबाई म्हणाली, “किडके मोजायलाच तर लोक परातीत हात घालतात. तुम्ही तेच काढून टाकलेत, मग ते मोजणार काय?”

अडचणीत सापडला की काशाप्पा ताजवा पुसायला घ्यायचा. तसा त्यानं ताजवा पुसायला घेतला.

आता डोंगरावर चला. डोंगरावर एक साठ घरांचं गाव होतं. गावची पाटीलकी धुरपदाबाईकडे होती. पाटील वारला तेव्हा मुलगा लहान, म्हणून लोकांनी तिलाच गादीवर बसवलं, आणि मुलगा मोठा झाला तरी तिला कुणी उठू दिलं नाही. बाई तशीच होती. बोलणं कमी, काम चोख.

त्या वर्षी पावसात गावच्या बळदात, म्हणजे धान्याच्या कोठारात, पाणी शिरलं आणि राखून ठेवलेलं बियाणं कुजलं. हरभरा पेरायचा तर विकत आणायला हवा. साठ घरांनी मध, मेण, हिरडा, जे होतं ते काढून दिलं. पंधरा बैलांवर ते लादून धुरपदाबाई दोन दिवसांची वाट उतरून पेठेत आली. बरोबर तिचा दीर होता, तुकोजी. हिशोब सरळ होता. चारशे पायल्या बी हवं. तेवढं उगवलं तर साठही घरं वर्षभर पोटभर खातील. कमी उगवलं तर खाणार नाहीत. गावाकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

पहिलं दुकान लागलं भिकाशेटचं. भिकाशेट म्हणजे पेठेतला सगळ्यांत गबाळा माणूस. धोतर एकीकडे, पागोटं दुसरीकडे. धुरपदाबाईनं शंभर दाणे मोजले. नऊ किडके.

भिकाशेट म्हणाला, “नऊ तर नऊ. चारशेवर छत्तीस पायल्या वर देतो. घ्यायचं तर घ्या बाई, मला जेवायला जायचंय.”

तुकोजी वहिनीच्या कानाशी लागला. “वहिनी, छत्तीस पायल्या जादा म्हणजे बैलांवर तेवढा बोजा. घाट चढायचाय. किडकं धान्य कशाला वाहून न्यायचं? पुढं बघू की.”

पुढे काशाप्पाचं दुकान. परात बघून तुकोजीचे डोळे मोठे झाले. धुरपदाबाईनं शंभर दाणे मोजले. मग विश्वास बसेना म्हणून आणखी शंभर मोजले. एकही किडका नाही.

“शेट,” ती म्हणाली, “माझ्या साठ घरांची पेरणी आहे. माल वानगीसारखाच ना?”

काशाप्पानं परातीची कड पुसली. मग म्हणाला, “माप भरून देतो बाई. वानगी तुमच्यापुढेच आहे.”

बघा हं, खोटं बोलला का? नाही. खरं बोलला का? तेही नाही. असं मधलं बोलायला फार हुशारी लागते, आणि त्या दिवशी नेमकी ती त्याच्याकडे होती.

चारशे पायल्या मोजून झाल्या. रीत अशी होती की मोठा सौदा झाला की वानगीतले मूठभर दाणे फडक्यात बांधून गिऱ्हाइकानं न्यायचे. धुरपदाबाईनं ती गाठ कनवटीला लावली आणि बैल घाटाला लागले.

गावानं पेरणी केली. ओल चांगली होती. सहाव्या दिवशी कोंब दिसले, आठव्या दिवशी तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, दिसायला लागली. आणि तासांत जागोजाग भगदाडं. सात-आठ रोपं झाली की एक जागा रिकामी. साठही घरांच्या वावरात तेच. धुरपदाबाईनं एका रिकाम्या जागी बोटानं माती उकरली. दाणा वर आला. भोक पडलेला, आतून पोकळ. दुसरीकडे उकरलं. तोही तसाच.

लोक बांधावर गोळा झाले. कुणी तिला बोल लावला नाही, पण एका म्हातारीनं विचारलं, “बाय, तू मोजलं होतंस ना गं?”

“दोनदा मोजलं होतं आत्या,” धुरपदाबाई म्हणाली. आपण साठ घरांना फसवलं, असंच तिला वाटलं.

पण रडत बसायला वेळ नव्हता. ओल अजून आठ-दहा दिवस टिकणार होती. तेवढ्यात रिकाम्या जागी पुन्हा बी टोचलं तर वर्ष हाती लागणार होतं. दोन दिवस जायला, दोन दिवस यायला. ती त्याच पावली निघाली.

पेठेचा कारभार एक वृद्ध शेटे बघायचे. त्यांच्या ओसरीवर धुरपदाबाईनं फडक्याची गाठ सोडली, दाणे पुढे ठेवले आणि शेजारी वावरातून उकरून आणलेले पोकळ दाणे ठेवले. काशाप्पाला बोलावणं गेलं.

शेटे म्हणाले, “काशाप्पा, ही वानगी तुझी?”

“माझीच.”

“आणि हे पोकळ दाणे?”

काशाप्पा घाम पुसू लागला. “शेटेकाका, दर वाढवला नाही. माप मारलं नाही. पोत्यात थोडे किडके असतातच, सगळ्यांच्या असतात…”

“ते कुणी विचारलं? सगळ्यांच्या पोत्यात असतात, हे मलाही ठाऊक आहे. तुझ्या परातीत का नव्हते, ते सांग.”

काशाप्पाची मान खाली गेली. मग त्यानं हळूच सांगितलं, “निवडून ठेवले होते.”

“किती निघायचे शंभरात?”

“बारा.”

शेट्यांनी डोळे मिटले, मनात हिशोब केला आणि म्हणाले, “चारशेवर अठ्ठेचाळीस पायल्या या बाईच्या गेल्या. त्या तू द्यायच्या. पण तुझ्या पोत्यातल्या उचलून नव्हे. तू वानगी दाखवून विकलंस, तर वानगीसारखाच माल द्यायचा. अठ्ठेचाळीस पायल्या, आणि त्यांत एक दाणा किडका निघता कामा नये. तीन दिवस देतो.”

“तीन दिवसांत लाखो दाणे? काका, हे कसं व्हायचं?”

“एक एक करून. तुला सवय आहे.”

ओसरीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. धुरपदाबाई मात्र हसली नाही. तिच्या डोक्यात ओल होती.

काशाप्पानं दुकानापुढे सतरंजी अंथरली आणि पोती ओतली. पार्वताबाई बसली, धाकटी जाऊ बसली, दोन गडी बसले. पार्वताबाईनं आधीच बजावलं, “मी निवडते. पण तुम्ही उठायचं नाही हं. ताजवा पुसायचा नाही.” काशाप्पा उठला नाही. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत माना खाली. पेठेतले लोक येता-जाता बघायचे, कोपरखळ्या मारायचे. “काय शेट, वानगी तयार करताय वाटतं!” तो पुढचा दाणा उचलायचा. दुसऱ्या दिवशी भिकाशेट आला, तसाच गबाळा, सतरंजीवर बसला आणि एक सूप पुढे ओढलं. संध्याकाळपर्यंत बसला. तिसऱ्या दिवशीही आला.

निवडता निवडता काशाप्पाच्या लक्षात आलं, की किडक्या दाण्यांचा ढीग केवढा मोठा होतोय. रोज सकाळी परातीतून काढलेले दहा-बारा दाणे त्याला दिसायचे, पण पोत्यातले कधी दिसले नव्हते. त्यानं ढिगात हात घातला, तो मनगटापर्यंत बुडाला.

तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना अठ्ठेचाळीस पायल्या भरल्या. काशाप्पा स्वतः बैलांबरोबर घाट चढला. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपल्या मालामागून चालत गेला होता.

गावात पोचल्यावर कुणी त्याला शिवी दिली नाही. एका बाईनं ताक दिलं. मग सगळे वावरात उतरले, तोही उतरला आणि रिकाम्या जागी एकेक दाणा टोचू लागला. खालच्या वावरांत ओल शिल्लक होती. चाळीस घरांचं काम झालं. वरच्या अंगाला वीस घरांची वावरं होती, तिथली माती उतारामुळे लवकर सुकून भुरभुरीत झाली होती. बोट घातलं तर कोरडं लागायचं. तिथेही त्यांनी बी टोचलं, पण ते उगवायचं नाही हे सगळ्यांना कळत होतं.

ज्या म्हातारीनं धुरपदाबाईला विचारलं होतं, तिचं वावर वरचंच. ती काशाप्पाला म्हणाली, “शेट, चार दिवस आधी कळलं असतं, तर झालं असतं बघा.” रागानं नव्हे, सहज म्हणाली. काशाप्पा तिथेच तासात बसला आणि तोंडावर उपरणं धरून रडला.

त्या वर्षी माघ उजाडेपर्यंत वरच्या वीस घरांत एक वेळची चूल बंद झाली. खालच्यांनी त्यांना आपल्यातलं दिलं, म्हणून निभावलं. सगळंच गाव थोडं थोडं उपाशी राहिलं.

वर्ष फिरलं. पुन्हा पेरणीचे दिवस आले. काशाप्पानं आता परातीला बोट लावायचं सोडलं होतं. रोज सकाळी चार लोकांना बोलवायचा, त्यांच्यासमोर पोत्यात हात घालायचा आणि जे हाताला लागेल ते परातीत टाकायचा. किडके असोत, चांगले असोत.

धुरपदाबाई सतरा बैल घेऊन आली. गेल्या साली पीक कमी आलं, म्हणून बी राखता आलं नव्हतं; गावचं स्वतःचं बियाणं व्हायला अजून वर्षभर अवकाश होता. काशाप्पानं तिला लांबूनच बघितलं आणि तो दुकानाची पायरी उतरून पुढे आला. “या बाई, या. मोजा.”

ती बसली. तिनं शंभर दाणे मोजले. अकरा किडके.

“अकरा,” काशाप्पा घाईघाईनं म्हणाला. “चारशेवर चव्वेचाळीस पायल्या वर. आणखी हव्या तर आणखी देतो. बाई, या खेपेला एक दाणाही काढलेला नाही. देवाशपथ.”

धुरपदाबाईनं अकरा दाणे तळहातावर घेतले, बघितले आणि परत परातीत ठेवले.

“शेट, तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही आमच्या वावरात उतरलात, ते मी विसरले नाही. आज खरंच अकरा असतील. पण गेल्या साली एकही दिसत नव्हता तेव्हा पोत्यात बारा होते. आज अकरा दिसतात, तर पोत्यात किती असतील? मला ते कसं कळायचं?”

“पोती ओता! सगळी ओता, मोजा!”

“चारशे पायल्या मोजत बसले तर ओल थांबेल का शेट? माझ्यामागं साठ घरं आहेत.”

ती उठली, पदर झटकला आणि शेजारी भिकाशेटकडे गेली. तिथे शंभर मोजले. चौदा किडके निघाले.

“चौदा तर चौदा,” भिकाशेट जांभई देत म्हणाला. “छप्पन्न पायल्या वर. बैल पुरतील ना?”

“या खेपेला दोन जास्त आणलेत,” असं म्हणून तिनं माप घालायला सांगितलं.

काशाप्पा आपल्या परातीपुढे उभा राहिला. परातीत अकरा किडके दाणे होते, पोत्यातही शंभरी अकराच होते. वानगी अगदी खरी होती, आणि ती बघायला कोणी थांबत नव्हतं.

तात्पर्य: वानगी वाईट निघाली तरी व्यवहार होतो, पण एकदा खोटी निघाली की पुढची खरी वानगीही कुणी खरी मानत नाही.